आधी छेद वाच

प्रिय मित्रा,

तुझं पत्र रात्री वाचलं आणि सोबतचा स्क्रीनशॉट सकाळी पुन्हा मोठा करून पाहिला. ऑनलाइन पोकरचं सहा जणांचं टेबल, प्रत्येकाच्या नावाखाली आकड्यांच्या चार ओळी, लाल, हिरव्या, पिवळ्या. मी मोजले. एकेका खेळाडूमागे 22 आकडे. आणि ऐन वेळी त्या बाविसांतला एकच तुझ्या डोळ्यांत भरला: रिव्हरवर, म्हणजे टेबलावरचं पाचवं, शेवटचं पान उघडल्यावर, बेट आली की फोल्ड, म्हणजे पानं टाकणं, 100 टक्के. तुझा फ्लश, एकाच चिन्हाची पाच पानं, लागला नव्हता, हातात काही नव्हतं, तरी त्या शंभरावर विसंबून तू पॉटएवढी, मधे जमलेल्या पैशांएवढी, बेट लावलीस. समोरच्याने मधल्या जोडीवर, बेताच्याच पानांवर, तेवढेच पैसे टाकून कॉल केला. आता तू विचारतोस, सॉफ्टवेअर चुकतंय का, की अजून एखादा आकडा पडद्यावर घ्यायला हवा होता?

डावांची फाइल पाठवलीस हे बरं केलंस, म्हणून मला मोजता आलं. तो माणूस तोवर तुझ्यासमोर एकूण 64 डाव बसला होता. त्यात रिव्हरवर त्याच्यापुढे बेट आली दोनदा. दोन्ही वेळा त्याने पानं टाकली, आणि त्यातल्या एका वेळी बोर्डवर इस्पिकची चार पानं उघडी पडलेली होती, तिथे तूही टाकली असतीस. दोनपैकी दोन, म्हणून शंभर टक्के. सॉफ्टवेअरने भागाकार अगदी बरोबर केला.

छेद वाच रे. आधी छेद वाच, मग अंश, आणि टक्केवारी सगळ्यात शेवटी. जो माणूस रिव्हरवर निम्म्या वेळा फोल्ड करतो, तोही सलग दोनदा फोल्ड करण्याची शक्यता चारात एक आहे. म्हणजे असे चार जण तुझ्यासमोर बसले, तर त्यातल्या एकाच्या नावाखाली हाच 100 चा आकडा झळकणार. आणि पॉटएवढी बेट लावून केलेला ब्लफ फायद्यात जायला तो निम्म्याहून जास्त वेळा चालावा लागतो. तुझ्याकडे तसं म्हणायला आधार काय होता? दोन डाव.

शितावरून भाताची परीक्षा करतात, कारण भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. माणसाचे दोन डाव एका पातेल्यातले नसतात. एकदा तो बटनवर, पानं उघडल्यावर सगळ्यात शेवटी खेळण्याच्या जागी असतो, एकदा बिग ब्लाइंडमध्ये, पानं पाहण्याआधीच ठरलेली रक्कम भरण्याच्या जागी. एकदा समोर तू असतोस, एकदा दुसरं कुणी.

व्हीपिप म्हणजे किती टक्के डावांत माणूस आपणहून पैसे लावतो, पीएफआर म्हणजे टेबलावर पानं उघडण्याआधी किती टक्के डावांत तो रेझ करतो, बेट वाढवतो, हे मी सांगत बसत नाही, ते तुला येतं. मला तुझ्याकडून दुसरंच हवं आहे. प्रत्येक आकडा दिसला की तोंडातून पहिला प्रश्न निघाला पाहिजे, कितीपैकी? व्हीपिप प्रत्येक डावात मोजला जातो, म्हणून त्याचा छेद भराभर वाढतो. तरी 100 डावांवर 25 दिसला, तर खरा आकडा साधारण 17 ते 33 मध्ये कुठेही असू शकतो. सहाच्या टेबलावर 17 वाला कंजूष असतो आणि 33 वाला सैल हाताचा, ही दोन वेगळी माणसं आहेत आणि तू दोघांना एकाच आकड्याने ओळखतो आहेस. हजार डाव झाले की तोच पल्ला 22 ते 28 वर येतो, मग त्याच्याशी काही बोलता येतं.

थ्री-बेटचं, म्हणजे कुणाच्या रेझवर पुन्हा रेझ करण्याचं, आणखी अवघड. तिथे छेदात फक्त ते डाव येतात, जिथे त्याच्याआधी कुणी रेझ केलं होतं. आणि थ्री-बेटला फोल्ड, हा आकडा तर त्याहून दुबळा: आधी याने रेझ करायचं, मग कुणी याच्यावर पुन्हा रेझ करायचं, तेव्हा कुठे छेदात एकाची भर पडणार. समज, तो 18 टक्के डावांत रेझ करतो आणि दहातल्या एका रेझवर त्याला थ्री-बेट बसते. 500 डावांनंतर तुझ्या हातात असतील नऊ प्रसंग. नऊ! आणि पडद्यावर मात्र व्हीपिप आणि हा आकडा एकाच आकाराच्या अक्षरांत, शेजारी शेजारी दिसतात. डोळ्याला दोन्ही सारखेच पक्के वाटतात. या मांडणीचा मला अजूनही राग येतो.

आकड्याचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, उलट छेद भरलेला असेल तर आकड्यासारखं दुसरं काही नाही. हातातल्या दोन पानांचे एकूण प्रकार 1326. गुलामाच्या जोडीपासून एक्क्याच्या जोडीपर्यंत चार जोड्या, प्रत्येकीचे 6 प्रकार, झाले 24. एक्का-बादशहा 16 प्रकारे येतो. मिळून 40. म्हणजे 1326 चे जवळपास तीन टक्के. आता एखाद्याची थ्री-बेट 300 संध्यांवर 3 टक्के दिसली आणि त्याने तुझ्यावर रेझ केलं, तर तू त्याची पानं जवळपास पाहिलीस म्हण. तुझी दहाची जोडी तू न कुरकुरता टाकू शकतोस. पण हेच 3 टक्के 33 संध्यांत एकदा रेझ केल्यानेही येतात. मी हिशोब केला: खऱ्या 8 टक्के थ्री-बेटवाल्याला 33 संध्यांत थ्री-बेटचा एकच डाव मिळण्याची किंवा एकही न मिळण्याची शक्यता, पुन्हा, सुमारे चारात एक. दोन्हीकडे पडद्यावर 3. एकाकडे पाहून फोल्ड करायचं, दुसऱ्याकडे पाहून काहीच ठरवायचं नाही. हा फरक तुला कोण सांगणार? छेद.

आणि छेद किती मोठा एवढंच बघून थांबू नकोस, त्यात काय भरलंय तेही बघ. अ‍ॅग्रेशन फॅक्टर घे. बेट आणि रेझ मिळून वर, कॉल खाली. चेक कुठेच नाही. एखादा माणूस चाळीस वेळा चेक करून सोडून देतो, तीनदा बेट लावतो, एकदा कॉल करतो, की आकडा 3 येतो आणि तू त्याला आक्रमक समजून घाबरतोस. तो तर बिचारा चांगली पानं येईपर्यंत गप्प बसलेला असतो. शोडाऊनपर्यंत, म्हणजे शेवटी पानं उघडून दाखवण्यापर्यंत, जाण्याची टक्केवारी तशीच: तिच्या छेदात फक्त फ्लॉप, टेबलावर उघडलेली पहिली तीन पानं, पाहिलेले डाव असतात. निवडक पानांवरच फ्लॉप पाहणाऱ्याचे 30 आणि वाट्टेल त्या पानांवर फ्लॉप पाहणाऱ्याचे 30 यांचा अर्थ एक नाही. पहिला मजबूत पानं घेऊन शेवटापर्यंत येतो, दुसऱ्याचं काही सांगता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. शिकलो असतो तर स्वस्तात पडलं असतं.

पोकरट्रॅकर हे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर नवीन घेतलं तेव्हा मी तुझ्यासारखाच सगळा पडदा भरून टाकला होता. एका खेळाडूचा व्हीपिप मला 52 दिसला. निम्म्याहून जास्त डाव खेळतो, म्हणजे मासा, सहज हरणारा कच्चा खेळाडू. मी त्याच्या नावाला हिरवा रंग दिला. तेव्हा माझ्यासोबत एक मित्र खेळायचा, आम्ही रात्री एकमेकांचे डाव तपासायचो. तो म्हणाला, हा माणूस कच्चा नाही, याच्या बेटचा आकार बघ, पोझिशन, शेवटी खेळायची जागा, नसली की कसा हात आवरतो बघ. मी त्याला म्हणालो, "आकडे खोटं बोलत नाहीत, तुला नुसतं वाटतंय." चारचौघांत म्हणालो. तो पुढे काही बोलला नाही.

आठ महिने मी त्या हिरव्या नावाच्या मागे टेबलं बदलत फिरलो. तो ब्लफ करतोय म्हणून कॉल करत गेलो. शेवटी एका रात्री फक्त त्याच्याविरुद्धचे डाव गाळून काढले. 4,100 डाव, व्हीपिप 21, आणि माझा तोटा मला महिनाभर कुणाला सांगावासा वाटला नाही. मग तो 52 आला कुठून? मागे जाऊन पाहिलं. रंग दिला तेव्हा माझ्याकडे त्याचे साठ डाव होते, आणि त्या दिवशी टेबलावर आम्ही तिघंच होतो. तिघांच्या टेबलावर निम्मे डाव खेळणं रीतीचंच आहे! पुढे आकडा डावागणिक खाली येत गेला, माझा रंग तसाच राहिला. आणि रंग दिसतोय म्हटल्यावर मी आकडाही वाचणं सोडून दिलं होतं. मित्राला मी नंतर लिहिलं, त्याचं उत्तर आलं नाही. पैसे पुढे मिळवता आले. ते वाक्य परत घेता आलं नाही.

म्हणून सांगतो, रंग काढून टाक. आजच काढ. बावीसपैकी चार आकडे ठेव: व्हीपिप, पीएफआर, थ्री-बेट, आणि चौथा, सगळ्यात वर, डावांची संख्या. तुझ्या पडद्यावर ती आहेच, कोपऱ्यात, राखाडी रंगात, सगळ्यात बारीक अक्षरांत. ती मोठी कर. बाकीचे आकडे उपखिडकीत राहू देत, लागले तर उघडायचे आणि उघडशील तेव्हा कंसातला छेद आधी वाचायचा.

तू म्हणशील, मग छेद लहान असताना वाचायचं काय? माणूस वाच. 2007 साली नॉर्वेच्या आनेट ओब्रेस्टाडने 180 जणांची एक ऑनलाइन स्पर्धा स्वतःची पानं झाकून जिंकली. तिच्या सांगण्याप्रमाणे अख्ख्या स्पर्धेत तिने एकदाच पानं पाहिली. मग ती पाहत काय होती? कोण कुठे बसलाय, कोण किती वेळ घेतोय, बेट कितीची लावतोय, आधीच्या डावात काय दाखवलंय. तुझ्या त्या डावात त्या मधल्या जोडीवाल्याने टर्नवर, चौथ्या पानावर, बेटला क्षणात कॉल केला होता. रिव्हरला बोर्डवर असं काही आलं नव्हतं की त्याची जोडी अचानक घाबरावी. 64 डावांत तो तीनदा शोडाऊनला आला आणि तिन्ही वेळा साधी जोडी घेऊन आला. हे तिन्ही डाव तू डोळ्यांनी पाहिले होतेस! तीन हाही लहान छेद आहे, हो, मला ठाऊक आहे. पण त्या तीन डावांत त्याने काय केलं आणि का, हे तुला दिसत होतं. त्या दोन फोल्डमध्ये तुला फक्त भागाकार दिसत होता.

शिवाय हे आकडे जन्मभर सोबत राहतील असं धरून चालू नकोस. पार्टीपोकर या साइटने 2019 मध्ये एचयूडी, म्हणजे पडद्यावर असे आकडे दाखवणारी सॉफ्टवेअर, बंद केले. जीजीपोकरवर बाहेरचं एचयूडी चालत नाही. काही ठिकाणी खेळाडूंची नावंच दिसत नाहीत. नियम जिथे नाही म्हणतो तिथे आपण वापरत नाही, याबद्दल तुझ्या-माझ्यात बोलायची गरज नाही. पण आकड्यांशिवाय ज्याला समोरचा दिसतच नाही, तो तिथे आंधळा होतो.

मला लोक म्हणतात की मी एकाच गोष्टीवर अडून बसतो. दोनच टेबलं खेळतो, चारच आकडे ठेवतो, बरोबरीचे लोक बारा टेबलं लावून पुढे गेले. गेले असतील. बारा टेबलांवर माणूस बघायला वेळ नसतो, तिथे आकड्यावरच चालावं लागतं, आणि त्यांच्याकडे लाखो डावांचे छेद आहेत, त्यांना ते शोभतं. माझ्याकडे नव्हते, तुझ्याकडेही नाहीत. मी हळू खेळलो याची मला खंत नाही. खंत वाटते ती आधीच्या घाईची. तरी कुणी विचारलं की तुझी पद्धत जास्त फायद्याची हे सिद्ध कर, तर मी ते करू शकत नाही, कारण त्यासाठी लागणारा छेद माझ्याकडेही जमलेला नाही. मला ती बरोबर वाटते आणि मी ती सोडणार नाही, एवढंच.

आता तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीकडे येतो, जिने मला खरं तर हे पत्र लिहायला बसवलं. तू लिहितोस, 12,000 डावांत शंभरामागे 9 बिग ब्लाइंड कमावतो आहेस, तेव्हा वरच्या स्टेकला, मोठ्या रकमेच्या टेबलांवर, जाऊ का. अरे, हाही आकडाच आहे ना? समोरच्याचा छेद वाचायला शिकवतोय तर तू स्वतःचा विसरलास. सहाच्या टेबलावर शंभर डावांमागे 90 बिग ब्लाइंडचा चढउतार धर. 12,000 डाव म्हणजे असे 120 शंभर. मग तुझा 9 हा वर-खाली 16 च्या पल्ल्यात डुलतोय. तू 25 ने जिंकणारा असशील, किंवा 7 ने हरणाराही असशील. मला वाटतं तू जिंकणारा आहेस, तुझे डाव वाचून वाटतं, आकड्यावरून नाही. पण वर जाऊ नकोस, अजून नाही. लाख डाव झाले तरी हा पल्ला सुमारे साडेपाचचा राहतो, तेव्हा घाई कसली?

पुढचा स्क्रीनशॉट पाठवशील तेव्हा 22 नकोत, चारच आकडे दिसू देत, आणि डावांची संख्या मला चष्म्याशिवाय वाचता आली पाहिजे. त्या मधल्या जोडीवाल्याचे 64 डाव पहिल्यापासून क्रमाने पुन्हा चालव, या वेळी त्याचे आकडे झाकून. प्रत्येक डावानंतर तो कसा खेळतो ते एका ओळीत लिही. विसाव्या डावाला काय लिहिलंस आणि साठाव्याला काय, ते दोन्ही मला पाठव.

तुझा,
जुना सोबती