ग्रँड कॅनियनमध्ये नदीपर्यंत उतरायचं का?

प्रश्न : ताई, मुलगा फिनिक्सला नोकरीला आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तो आम्हा दोघांना ग्रँड कॅनियनला नेणार आहे. माझं वय 58, हिचं 54. हरिहर, अंजनेरी, साल्हेर, कळसूबाई सगळं झालंय, रविवारी सहसा घरी नसतोच. एका दिवसात कोलोरॅडो नदीपर्यंत उतरून संध्याकाळी वर यायचं मनात आहे. नाशिकचा मे महिना अंगावर काढलेल्यांना तिथलं ऊन कितीसं जड जाणार? तयारी काय करू?
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : काका, जरूर जा. पण नदी गाठून त्याच दिवशी परत यायचा बेत आजच सोडून द्या. तिथली नॅशनल पार्क सर्व्हिस एका दिवसात नदीपर्यंत जाऊन येऊ नका असं बजावते, मे ते सप्टेंबर तर मुळीच नको म्हणते. मीही तेच सांगेन, तुमचे पाय कितीही तयार असले तरी.

साल्हेर अर्धा चढून पाय बोलायला लागले तर तिथूनच मागे फिरता येतं आणि पुढे सगळा उतारच असतो. ग्रँड कॅनियनला गाडी उभी राहते ती वर, दरीच्या दक्षिण काठावर, सुमारे 2100 मीटर उंचीवर. कळसूबाईचं शिखर 1646 मीटरचं, म्हणजे त्याहूनही वर. जूनच्या पहाटे तिथे स्वेटर लागतो. गार वारा, ताजे पाय, समोर लाल-पिवळ्या कड्यांचे थर, आणि माणूस ‘अजून थोडं, पुढच्या वळणापर्यंत’ म्हणत उतरत राहतो. नदी जवळपास 1300 मीटर खाली आहे आणि जसजसं उतरावं तसतशी हवा तापते. काठावर दुपारी 27 अंश असताना तळाशी चाळिशी गाठलेली असते. दमलेल्या पायांनी सगळी चढण चढायची ती नेमकी त्या वेळी.

आता नाशिकच्या मे महिन्याबद्दल. आपण तो काढतो तो सकाळी नऊच्या आत कामं उरकून, दुपारी पडदे ओढून. उन्हात अडकलोच तर कोपऱ्यावर उसाचा रस मिळतो. तिथे दोन्ही बाजूंनी तापलेला दगड असतो आणि कित्येक वळणं सावली नसते. शिवाय हवा इतकी कोरडी की घाम आला हे कळतच नाही, अंगावरच सुकतो. सॅकचा पट्टा बाजूला करून शर्ट बघा, मिठाच्या पांढऱ्या रेघा दिसतील. तेवढं मीठ अंगातून गेलेलं असतं.

म्हणून नुसतं पाणी पीत राहणंही धोक्याचं. चालताना तासाला अर्धा ते एक लिटर पाणी लागतं, पण सोबत खारं काहीतरी पोटात जायलाच हवं. नाहीतर रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं ठणकतं, माणूस भलतंसलतं बोलू लागतो. लोकांना ते ऊन लागल्यासारखं वाटतं आणि ते आणखी पाणी पाजतात. मेडिकलमधून ओआरएसची पाकिटं घेऊन जा, खारे शेंगदाणे हाताशी ठेवा, भूक नसली तरी दर अर्ध्या-पाऊण तासाने खा. तुमच्यापैकी कुणाला रक्तदाबाची, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. हे टाळू नका.

वाट ब्राइट एंजल निवडा. उजाडताच चालायला लागा आणि पहिल्या विश्रांतिगृहापर्यंतच जा. ते काठापासून दीड मैलावर, म्हणजे साधारण 2.4 किलोमीटरवर आहे, आणि तेवढ्यातच 340 मीटर उतरणं होतं. उन्हाळ्यात तिथे पिण्याचं पाणी असतं, पण पाइपलाइन जुनी आहे, मध्येच फुटते, तेव्हा त्या दिवशी पाणी चालू आहे का ते वर विचारून घ्या आणि तरीही बाटल्या भरूनच निघा. साउथ कायबॅब वाटेवर देखावा जास्त मोकळा दिसतो, मात्र पाण्याचा थेंब नाही. त्या वाटेने गेलातच तर ऊ आह पॉइंटवरून परत फिरा.

उतरायला एक तास लागला तर चढायला दोन तास धरा. दहाच्या आत तुम्ही वर पोहोचलेले हवेत. परत फिरायची वेळ आदल्या रात्री कागदावर लिहा आणि तो कागद वहिनींकडे द्या. मुलगा ‘बाबा, आलोच आहोत तर’ म्हणेल, तेव्हा शब्द वहिनींचा चालेल असं आधीच ठरवा.

सराव इथेच होईल. आशेवाडीतून रामशेज चढा, उतरा, दोन घोट पाणी प्या आणि लगेच पुन्हा चढा. मला तुमची दुसरी चढाई महत्त्वाची वाटते, कारण तिथे नेमकं तेच करायचं आहे. बूट नवे नकोत. पायाची नखं निघण्याआधी कापा आणि उतरताना नाडी घोट्याजवळ घट्ट बांधा, नाहीतर अंगठा बुटाच्या टोकावर आपटून नख काळंनिळं पडतं. सह्याद्रीत पावसाळ्यात आपण सुती शर्ट टाळतो, तिथे मात्र तोच बरा. पाण्याच्या ठिकाणी शर्ट आणि टोपी चिंब करून घाला.

सोबतचा माणूस अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला तर आधी सावली, अंगावर पाणी, वारा आणि लगेच मदतीची हाक. मोबाइलला रेंज मिळेल असं गृहीत धरू नका. आणि खारींना दाणे घालू नका. त्या गोंडस दिसतात, पण चावतात.

प्रश्न : आम्ही सांदण दरी केली आहे. ऑगस्टमध्ये अँटलोप कॅनियनला जातोय. पाऊस दिसला तर पटकन बाहेर पडता येईल ना?
एक वाचक, सिन्नर

उत्तर : तुम्हाला पाऊस दिसेलच असं नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी लोअर अँटलोपमध्ये, म्हणजे त्या अरुंद घळीच्या खालच्या भागात, लोंढा आला आणि 11 पर्यटक दगावले. तिथे पाऊस जवळपास नव्हताच, तो वरच्या बाजूला मैलोन् मैल दूर पडला होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की शहरात ऊन असतानाही रामकुंडावर पाणी चढतं, तसंच हे. फरक इतकाच की आपल्याला विसर्गाची सूचना मिळते आणि तिथल्या खडकाळ, कडक जमिनीवरून पाणी न मुरता थेट घळीत उतरतं. दोन्ही भिंती हाताला लागतील इतक्या जवळ असतात, चढून जायला जागा नसते.

आता तिथे नावाहो, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या, गाईडशिवाय प्रवेश नाही. त्याने फेरी रद्द केली तर हुज्जत घालू नका. ऑगस्ट हा तिथलाही पावसाळाच, म्हणून जवळच्या पेज गावात एक दिवस जास्तीचा धरा. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो प्रदेश करतो, त्यामुळे मोबाइल एका तासाने चुकू शकतो. फेरीची वेळ कुठल्या घड्याळाने आहे ते बुकिंग करतानाच विचारून घ्या.