दशावतारी मंडळाला अनुदान हवंय? आधी कागद

अरे, दशावताराचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्याचं मंडळ काढलंस, सोंगांच्या सामानाचा पेटारा घेतलास, आता ‘सरकार काय देईल’ विचारतोयस. सरकार एक नसतं, हे आधी डोक्यात घे.

ग्रामपंचायतीकडून फार तर रंगमंचाची डागडुजी होईल. जिल्ह्याचा पैसा जिल्हा नियोजन समितीतून येतो. तिचे अध्यक्ष पालकमंत्री. खरं काम राज्य सरकारच्या, मुंबईतल्या सांस्कृतिक कार्य संचालनालयात. दशावतारासारख्या कलांना तिथून भांडवली आणि प्रयोग अनुदान मिळतं. जाहिरात निघते, मुदत थोडी असते. आम्ही एकदा जत्रांच्या गडबडीत मुदत चुकवली आणि वर्ष गेलं. वर केंद्राचं संस्कृती मंत्रालय: गुरू-शिष्य परंपरेसाठी त्यांची योजना आहे. शिवाय उदयपूरचं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र महोत्सवांना बोलावतं. ते अनुदान नव्हे, पण मानधन मिळतं.

कागदांत मात्र आळस नको. संस्थेची नोंदणी, पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, सनदी लेखापालाने तपासलेले तीन वर्षांचे हिशेब. जत्रेतली बिदागी रोखीत येते, ती वहीत लिही. आमच्या जुन्या माणसांनी कधी लिहिली नाही, म्हणून चाळीस वर्षांचं मंडळ कागदावर कालचं ठरलं!

आणि सिंधुदुर्ग किल्ल्यात प्रयोग करायचा बेत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आधी घे. तो केंद्राचा संरक्षित किल्ला आहे, तिथे सरपंचाचं पत्र चालत नाही.