मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना स्पेसर: आधी टेप लावा, मग पाना

प्रश्न: जुन्नर तालुक्यात टोमॅटो घेतो. मिनी ट्रॅक्टरने बेड पाडून त्यावर मल्चिंग पेपर अंथरतो. पेपर अंथरताना मागची चाकं बेडच्या कडेवर चढतात, कड दबते आणि पेपर सैल बसतो. मागच्या एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत अंतर ३६ इंच आहे, टायर ८.३-२०. लेथवाला प्रत्येक बाजूला साडेचार इंचांचा स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवायला ॲक्सल आणि चाकाच्या मधे घालायचा लोखंडी तुकडा, करून देतो म्हणतोय. घरीच बसवला तर चालेल का?

उत्तर: साडेचार इंचांचा नको. आणि तुमची मापं पाहता कदाचित एक इंचाचाही लागणार नाही.

आधी हिशेब करू. तुमच्या बेडचा पाया, म्हणजे खालची रुंदी, ३६ इंच आहे, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. टायर ८.३-२० म्हणजे रुंदी साधारण ८.३ इंच. चाकाची आतली कड पायाला घासायची नसेल तर एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंत ३६ अधिक ८.३, म्हणजे सव्वाचव्वेचाळीस इंचांच्या थोडं वर अंतर हवं. ४५ धरा. आज ३६ आहे, म्हणून लेथवाल्याने सरळ नऊचे निम्मे केले. गणित बरोबर आहे, पण त्याने चाक उलटं करून पाहिलेलं नाही.

मागच्या चाकाची डिस्क, म्हणजे मधली लोखंडी तबकडी, सपाट नसते, बशीसारखी एका बाजूला खोल असते. आज ती खोल बाजू ज्या दिशेला आहे तिच्या उलट केली की टायर बाहेर सरकतो. किती सरकेल ते डिस्कच्या खोलीवर अवलंबून आहे. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत चाकांच्या अंतराचा तक्ता असतो, तो बघा. तुमच्या चाकाला एका बाजूला ३ इंच मिळाले असं धरलं, तर ३६ चे ४२ झाले. आता बेड पाडणाऱ्या अवजाराच्या तव्या (माती ओढणाऱ्या गोल पात्या) दोन्हीकडून दीड-दीड इंच आत घ्या. पाया ३३ इंचांवर येईल आणि त्याला ४१.३ पुरे. टोमॅटोची झाडं मधल्या पट्ट्यात असतात, पाया तीन इंच कमी झाला तर त्यांना फरक पडत नाही. स्पेसरचा खर्च वाचला.

चाक उलटं करताना एक चूक हमखास होते. डावं चाक काढून, जागेवरच फिरवून पुन्हा डावीकडेच लावलं तर टायरची नक्षी उलटी होते आणि ओल्या रानात चाक जागेवरच फिरत बसतं. डावं चाक न फिरवता तसंच ट्रॅक्टरच्या मागून नेऊन उजवीकडे लावायचं, उजवं डावीकडे. म्हणजे बशी उलटते, नक्षी सरळ राहते. खात्री करायची तर मागे उभं राहून टायरकडे बघा, नक्षीचं टोक वर, बाणासारखं दिसलं पाहिजे. नटाचं तोंड कोनासारखं निमुळतं असेल तर त्याला बसायची खोलगट जागा डिस्कच्या दोन्ही बाजूंना आहे का, हेही बघा. एकाच बाजूला असेल तर तो नट उलट्या बाजूवर धरणार नाही. अशा डिस्का उलट्या करू नका.

आता स्पेसरचं. स्पेसर घातल्याने अंतर वाढतं, पण टायर बेअरिंगपासूनही लांब जातो. समजा चाकावर ३०० किलो भार आहे आणि टायरचा मध्य बाहेरच्या बेअरिंगपासून १० सेंटिमीटरवर आहे. त्यात ५ सेंटिमीटरचा स्पेसर घातला तर ॲक्सल वाकवणारा जोर थेट दीडपट होतो. साडेचार इंच म्हणजे साडेअकरा सेंटिमीटर, जोर दुपटीच्याही पुढे. त्यात रोटाव्हेटर उचलून बांध ओलांडला की बेअरिंग आणि ऑइल सील किती दिवस टिकतील ते तुम्हीच ठरवा. म्हणून चाक उलटं करून जे उरेल तेवढ्यापुरताच स्पेसर, आणि शक्यतो ट्रॅक्टरच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेला. ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर डीलरकडून लेखी विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतल्या फेरफाराबद्दल आहे, आणि आपला ट्रॅक्टर रस्त्यावरही जातोच. विम्याच्या दाव्यात हा मुद्दा निघू शकतो.

नुसती भोकं पाडलेली प्लेट आणि लांब बोल्ट, हा प्रकार मी तरी मंजूर करणार नाही. हब म्हणजे ॲक्सलच्या टोकाचा, चाक जिथे बोल्टने बसतं तो भाग. त्याच्या मध्यावर जो गोल उंचवटा असतो त्यावर चाक बसतं. स्पेसरलाही आत तसाच खोलगा आणि बाहेर तसाच उंचवटा हवा, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि सगळा मार बोल्टवर येतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला असतो. आकडाच नसेल तर तो बोल्ट गोठ्याच्या फाटकाला वापरा. नट पूर्ण आट्यांवर बसून दोन-तीन आटे बाहेर दिसले पाहिजेत.

एका वस्तीवर मी असे घरी बसवलेले स्पेसर पाहिले होते. काम नेटकं, वर निळा रंगही दिलेला. तो रंगच नडला. जिथे लोखंडाला लोखंड भिडतं तिथे रंगाचा थर राहिला, चालताना तो चेपला आणि नट ढिले झाले. दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. चाक काढलं तेव्हा डिस्कची भोकं लांबट झालेली. म्हणून भिडणारी तोंडं तारेच्या ब्रशने घासून कोरडी करा, तिथे रंग नको, ग्रीसही नको.

चाक उचलण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अपघात इथेच होतात. 'गिअरमध्ये टाकलाय, हलणार नाही' हे खरं नाही. मागचं एक चाक अधांतरी झालं की डिफरन्शियलमुळे (मागच्या दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) ते हवेत उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक पुढे जाऊ शकतं. हँडब्रेक लावाच, पण पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी उटी द्या. दुसरं, पुढचा ॲक्सल मधल्या एका पिनवर डुलतो. मागची एक बाजू जॅकने उचलली की ट्रॅक्टर त्या पिनवर कलंडतो. पुढच्या ॲक्सल आणि चासीच्या मधे दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकली की हे डुलणं थांबतं. अवजार आधीच काढून ठेवा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा, मग उचला. जॅक हा फक्त उचलायला. उचलल्यावर ॲक्सलखाली लोखंडी घोडी किंवा रुंद लाकडी ठोकळे. विटा नको, सिमेंटचा ब्लॉक तर नकोच, तो न सांगता फुटतो. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर चाक एकट्याने सावरत नाही, दोघं-तिघं लागा. शेडमधली फरशी किंवा घट्ट सपाट अंगण हवं, रान नको.

नट समोरासमोरचे घेत, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. स्पेसर असेल तर आधी स्पेसर हबला पूर्ण आवळायचा, मग त्याला चाक. किती आवळायचं तो आकडा पुस्तिकेत आहे. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, नसेल तर गावातल्या गॅरेजमधून तासाभरासाठी आणा. अंदाज हवा तर २ फुटांच्या पाईपवर २० किलोचा जोर म्हणजे साधारण १२० न्यूटन-मीटर. पाईपवर उभं राहून उड्या मारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करावा. तासभर काम करून पुन्हा आवळा, दिवसाच्या शेवटी पुन्हा, नंतर आठवडाभर रोज सकाळी. नट आणि स्टडवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ मोडली की नट हलला, पाना न लावताही कळतं.

प्रश्न: निफाडची द्राक्षबाग, ओळी ९ फुटांच्या. मिनी ट्रॅक्टरवर ४०० लिटर टाकीचा ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारं यंत्र) उचलून चालवतो. वळताना ट्रॅक्टर डोलतो. स्पेसर लावू का?

उत्तर: आधी लिफ्टच्या बाजूच्या साखळ्या बघा. त्या सैल असल्या की ब्लोअर मागे झोका घेतो आणि ट्रॅक्टरच डोलतोय असं वाटतं. टाकी अर्धी झाल्यावर पाणी हिंदकळतं, तेव्हा वळणावर वेग कमी ठेवा. ४०० लिटर म्हणजे नुसतं पाणीच ४०० किलो, ते मागे उचलल्यावर पुढची चाकं हलकी होतात. पुढची वजनं लावलेली नसतील तर लावा. तरीही डोलला तर मागच्या टायरमध्ये पाणी भरा. वॉल्व्ह अगदी वर ठेवून वॉल्व्हपर्यंत पाणी आलं की टायर ७५ टक्के भरतो. हे वजन खाली राहतं आणि ॲक्सलवर न येता थेट जमिनीवर जातं. एवढं करून एक फवारणी काढा, मग मला कळवा.