आत्तीचं घर, भावंडांची खोली आणि मामाची गाडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

निकाल लागले की बेळगाव, निपाणी, खानापूर, चिक्कोडीकडून येणाऱ्या पत्रांत भावंडांचेच प्रश्न जास्त असतात. कुणी आत्तीकडे शिकायला आलंय, कुणी मावसभावाबरोबर खोली घेतोय. सीमाभागात तर निम्मं गणगोत कर्नाटकात आणि निम्मं महाराष्ट्रात. त्यामुळे नात्याच्या प्रश्नात कागदपत्रांचा प्रश्न मिसळलेला असतोच. यावेळी सहा पत्रं घेतली आहेत.

मी निपाणीची. बेळगावात टिळकवाडीत आत्तीकडे राहून बी.कॉम. करते. आत्ती पैशाचं नाव काढू देत नाही. आतेबहीण दुसऱ्या पीयूसीला, म्हणजे बारावीला आहे. तिला सारखं "बघ, ही कशी पहाटे उठून बसते" असं ऐकावं लागतं. आता ती माझ्याशी धड बोलत नाही. पीजी बघू का?

पीजीची घाई नको. आत्तीकडून असं मध्येच उठून गेलीस तर त्याचा अर्थ दोन्ही घरं आपापल्या परीने लावतील आणि तो निस्तरायला वर्षं जातील.

पैसे तू देऊ नकोस. भाचीच्या हातून आत्ती घेणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. हे काम तुझ्या बाबांचं. त्यांनीही रोख रक्कम पुढे करू नये, घरातला दर महिन्याचा एखादा ठरलेला खर्च उचलावा: दुधाचं बिल, नाहीतर सिलिंडर. बहिणीशी एकदाच बोलून घ्यायचं आणि दुधवाल्याला परस्पर पैसे पाठवायचे. ठरलेली बाब असली की दर महिन्याला विषय काढावा लागत नाही आणि "कशाला, कशाला" हा घोळही होत नाही. दिवाळीची साडी हा मान झाला, तो खर्चात धरू नये.

तुलनेबद्दल मात्र तूच बोलायला हवंस. आत्ती एकटी असताना, शक्यतो स्वयंपाकघरात काम करता करता, तिचे यजमान आणि आतेबहीण समोर नसताना सांग: "आत्ती, माझं नाव घेऊन तिला बोलू नकोस, मलाच अवघडल्यासारखं होतंय." तक्रार वाटेल असं आणखी काही जोडू नकोस. त्या पोरीवर ताण आहे तो खराच. इंजिनिअरिंगसाठी केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेचा रँक काढताना निम्मा भार दुसऱ्या पीयूसीच्या गुणांचा असतो, म्हणजे बोर्ड आणि सीईटी दोन्ही सांभाळायचे. पदवीच्या वर्गाशी त्याची तुलनाच होत नाही.

आणखी एक कर. तुझं कन्नड कच्चं असेल तर तिची मदत माग. निपाणीच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांची बँकेच्या फॉर्मपासून बसच्या पाटीपर्यंत अडचण होते, आणि बेळगावात वाढलेल्या मुलीला ते सहज येतं. घरात सारखं जिचं उदाहरण दिलं जातं तीच आपल्याकडे शिकायला आली, की धाकटीचा राग उतरायला वेळ लागत नाही.

आम्ही तिघं, दोघे चुलतभाऊ आणि एक मावसभाऊ, अनगोळला एक खोली आणि स्वयंपाकघर घेतोय. घरचे म्हणतात, "भावाभावांत हिशेब कसला?" खर्च, गॅस, जेवण कसं बसवायचं?

हिशेब ठेवाच, आणि पहिल्या दिवसापासून ठेवा. तीन-चार महिने काहीच न लिहिता काढले की प्रत्येकाला आपणच जास्त घातले असं वाटायला लागतं, आणि तेव्हा ते कुणालाच सिद्ध करता येत नाही.

खर्चाचे दोन भाग पाडा. भाडं, नेट, वीज, पाणी हे तिघांत सारखं, कोण किती दिवस राहिला ते न बघता. जेवणाचा खर्च हजेरीवर. समजा महिन्याचा किराणा, भाजी आणि गॅस मिळून ४,२०० रुपये झाले. दोघे २५-२५ दिवस होते, तिसरा दर शनिवारी गावाकडे जातो म्हणून २० दिवस. एकूण ७० दिवस, म्हणजे दिवसाला ६० रुपये. दोघांनी १,५०० द्यायचे, तिसऱ्याने १,२००. कॅलेंडरवर रात्री जेवला त्याच्या नावाचं अक्षर लिहायचं, बस. कुणाच्या घरून तांदळाचं पोतं आलं तर तेवढं दुकानाच्या भावाने त्याच्या नावे जमा करा. शेंगदाण्याची पिशवी, लोणच्याची बरणी, गुळाची ढेप यांचा हिशेब करू नका, ते घरचं आहे.

दुपारचा डबा खानावळीचा आणि रात्री घरी कुकर, हे तिघा विद्यार्थ्यांना झेपतं. दोन्ही वेळा स्वयंपाक करायचं ठरवणारे सहसा सहामाही परीक्षेपर्यंत टिकत नाहीत. रात्रीच्या वरणभाताला माणशी ८० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम तूरडाळ धरा. तिघांना २५ रात्रींसाठी ६ किलो तांदूळ आणि सव्वादोन किलो डाळ होते. पोह्यांचा नाश्ता महिन्यात बारा वेळा केला तर दोन किलो पोहे. पाच लिटरच्या कुकरात खाली डाळ, वर डब्यात भात, एकाच वेळी दोन्ही. कोरडी डाळ कुकरात घालून पाच शिट्ट्या काढल्या तर भाताचा लगदा होतो आणि डाळ कच्चीच राहते. डाळ अर्धा तास भिजवली की तीन शिट्ट्यांत दोन्ही जमतं.

गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. त्याला पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतो. शेगडी दिवसाला तासभर पेटली तर साधारण महिना जातो. मोठ्या सिलिंडरमधून छोट्यात गॅस भरून देणारे भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. सिलिंडर उभा ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर ठेवा आणि नळीवर छापलेली तारीख बघा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. भाड्याच्या खोलीत ती किती जुनी आहे हे कुणी विचारत नाही, आणि गळती बहुतेकदा तिथेच होते.

विजेचंही बघा. कर्नाटकची मोफत विजेची गृहज्योती योजना भाडेकरूंनाही आहे. भाडेकरार आणि बिलावरचा खातेक्रमांक लागतो. पण २०० युनिट ही कमाल मर्यादा आहे. तुमचा कोटा त्या मीटरच्या जुन्या सरासरी वापरावर थोडी वाढ धरून ठरतो. आधीचा भाडेकरू एकटा असेल तर कोटा लहानच असणार. पाणी तापवायची १,५०० वॅटची कॉइल तिघांनी वीस-वीस मिनिटं लावली की दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट नुसत्या आंघोळीला. कोट्यावरच्या युनिटचे पैसे पडतात, आणि वापर २०० च्या पुढे गेला तर अख्खं बिल भरावं लागतं. घर ठरवण्याआधी मालकाकडून मागची दोन बिलं मागून घ्या. भाडेकरार अकरा महिन्यांचा करतात तोच इथे पत्त्याचा पुरावा म्हणून कामी येतो. त्यात तिघांचीही नावं घाला, एकाचंच नको.

मी बेळगावची, मावसबहीण महाराष्ट्रातल्या चंदगडची. एकत्र कॉलेजला जातो. कर्नाटकच्या बसमध्ये माझं तिकीट शून्य, तिला पैसे पडतात. ती म्हणते, "बाई तर मीही आहे की!" काही उपाय?

उपाय नाही. शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली ती कर्नाटकात राहणाऱ्या महिलांसाठी, आणि कंडक्टर ओळखपत्रावरचा पत्ता बघतो. आंतरराज्य गाड्यांना ती लागू नाही. म्हणून थेट कोल्हापूरच्या गाडीत तुलाही तिकीट काढावं लागेल, निपाणीपर्यंतच्या साध्या गाडीत नाही. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे, तिथे दोघी सारख्याच. पण ती सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, पुढचं भाडं पूर्ण. दोघी रोजच जात असाल तर तिने कॉलेजमार्फत विद्यार्थी पासची चौकशी करावी, सुट्या तिकिटांपेक्षा तो केव्हाही स्वस्त.

कोल्हापूरच्या मामांनी "घेऊन जा की रे" म्हणत त्यांची मोटारसायकल दिली, नंबर एमएच ०९. मी बेळगावात डिग्रीला आहे. धाकटा चुलतभाऊ पहिल्या पीयूसीला, तोही ती चालवायला मागतो. काय बघावं?

आधी धाकट्याचं. पहिल्या पीयूसीचा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. त्या मुलालाही वयाची पंचवीस वर्षं होईपर्यंत लायसन्स नाही. मालक म्हणून नाव मामांचं आहे. प्रेमाने दिलेल्या गाडीपायी त्यांना असं अडकवणं बरं नव्हे. किल्ली घरात खिळ्याला टांगू नकोस, स्वतःजवळ ठेव.

आता नंबरचं. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणि इथे फॉर्म २७. कर्नाटकचा आजीवन कर गाडीच्या वयाप्रमाणे भरावा लागतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज मालकाने करायचा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र आधी लागेल, आणि लोक नेमके इथेच अडकतात. गाडी फक्त सुट्टीत ये-जा करायला असेल तर यातलं काही नको. आरसी, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र डिजिलॉकरमध्ये ठेव. मामांच्या लॉगिनमधल्या कागदांचे स्क्रीनशॉट चालत नाहीत, आरसीची प्रत त्यांच्याकडून रीतसर घे.

माझा मुलगा खानापूरचा, पुतण्या चंदगडचा. दोघांना एकाच कॉलेजात इंजिनिअरिंग करायचंय. कुठल्या बाजूला जमेल?

तुमच्या मुलाला दोन्ही दारं उघडी आहेत, पुतण्याला एक. केसीईटीच्या सरकारी कोट्यासाठी नेहमीची अट अशी: पहिली ते दुसरी पीयूसीमध्ये किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण, आणि दहावी किंवा पीयूसी इथून उत्तीर्ण. पुतण्या त्यात बसत नाही. त्याला बेळगावात यायचं तर कॉमेडके ही देशभरातल्या मुलांना खुली असलेली परीक्षा आहे, पण फी बरीच जास्त.

महाराष्ट्रात मात्र दोघेही बसतात. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी तिथल्या प्रवेश प्रक्रियेत उमेदवारांचा स्वतंत्र प्रकार आहे, प्रकार ई. तिथे राहत असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला, दोन्ही त्या वर्षीच्या माहितीपत्रकातल्या नमुन्यातच लागतात. साध्या लेटरहेडवर आणलेले दाखले पडताळणीत परत येतात. निकालानंतर दाखल्यांसाठी फिरायला लागलात तर तारखा निघून जातात, म्हणून दुसऱ्या पीयूसीच्या दिवाळीतच कामाला लागा.

अभ्यासाचा फरक मुलांना आत्ताच सांगा. महाराष्ट्राच्या एमएचटी-सीईटीत गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, भौतिक आणि रसायनशास्त्राला एक-एक. केसीईटीत तिन्ही विषयांना ६०-६० गुण. उणे गुण दोन्हीकडे नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

आणि दोघांना एकाच कॉलेजात घालायचा हट्ट थोडा सैल धरा. एकाला चांगली शाखा मिळत असताना दुसऱ्यासाठी ती सोडायला लावली, तर पुढे दोघेही एकमेकांना दोष देतात.

आम्ही सात भावंडं, सगळी अठरा ते बावीसची. जुलैत दूधसागरला जायचंय, कॅसलरॉकहून रुळांवरून चालत. घरचे नको म्हणतात.

घरच्यांचं बरोबर आहे. रुळांवरून चालायला बंदी आहे. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बोगद्यात समोरून गाडी आली तर बाजूला व्हायला जागा मिळेलच असं नाही, आणि पावसाच्या आवाजात हॉर्न ऐकू येत नाही. दूधसागर जवळून बघायचा तर पावसाळा सरल्यावर गोव्यातल्या कुळे इथून जीपने जा. वाटेत ओढे ओलांडावे लागतात म्हणून भर पावसात जीप बंद असतात. एका जीपमध्ये सातच जण बसतात, म्हणजे तुमची संख्या नेमकी बसते.

जुलैतच जायचं असेल तर आंबोली. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने शिनोळीवरून थेट पोचता येतं. शनिवार-रविवार सोडून जा, सकाळी सातच्या आत निघा, आणि घाटात धुकं उतरायच्या आत, तीनच्या सुमारास परत फिरा. घरच्यांना "जाऊ का?" असं विचारण्याऐवजी कागद दाखवा: कोण कुठल्या गाडीवर, कुणाचं लायसन्स, कुठे थांबणार, किती वाजता फोन करणार. रेंज जाते, म्हणून फोनची वेळ चंदगड तालुक्यातून पुढे जाण्याआधीची ठरवा. सातपैकी एकाने फोटोत न अडकता मागे राहून मोजणी करायची. जळवांसाठी जाड मोजे घाला आणि त्यांना निपाणीची ओली तंबाखू चोळा. तरीही चिकटली तर ओढू नका, तोंडाच्या बाजूने नख सरकवून सोडवा. रक्त थोडा वेळ वाहतं, स्वच्छ कापड दाबून धरलं की थांबतं.