सीटी स्कॅनवर लिव्हर सिरोसिस कशावरून ओळखतात?

वडिलांनी दारूला कधी हात लावला नाही, तरी रिपोर्टात ‘लिव्हरची कड खडबडीत, कॉडेट लोब मोठा, सिरोसिसची शक्यता’ असं आलंय. हे कशावरून ठरवतात, असं तुम्ही विचारलंय. मी रेडिओलॉजिस्ट आहे, असे स्कॅन रोजच बघतो.

माझी नजर आधी लिव्हरच्या कडेवर जाते. निरोगी लिव्हरची कड गुळगुळीत असते. सिरोसिसमध्ये आत जून व्रणासारखे तंतू साचतात, उरलेल्या पेशी त्यांच्यामध्ये गाठीगाठींनी वाढतात आणि कड सीताफळाच्या सालीसारखी होते. पोटात पाणी झालं असेल तर त्या काळसर पाण्यापुढे हे उंचवटे एकेक करून मोजता येतात.

मग आकार. उजवा लोब, म्हणजे लिव्हरचा उजवा भाग, आक्रसतो, मागचा कॉडेट लोब मात्र फुगतो. कॉडेटची रुंदी उजव्या लोबच्या ०.६५ पटीहून जास्त भरली की संशय बळावतो. पण लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या शिरा तुंबल्या तरी कॉडेट फुगतो, म्हणून एवढ्यावर मी कधीच थांबत नाही. पाणथरी (प्लीहा) वाढली आहे का, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी शिरांचं जाळं झालंय का, लिव्हरकडून बेंबीच्या दिशेने जाणारी शीर उघडली आहे का, हे शोधतो. ती शीर दिसली की पोर्टल शिरेतला, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या शिरेतला, दाब वाढलाय याबद्दल मला फारशी शंका उरत नाही.

याच्या उलटही होतं. सुरुवातीचा सिरोसिस सीटीवर निसटू शकतो, लिव्हर अगदी नॉर्मल दिसतं. त्यासाठी लिव्हरचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन लागतो, कधी बायोप्सी, म्हणजे लिव्हरचा छोटा तुकडा काढून तपासणं.

दारूबद्दल मनापासून सांगतो, वडिलांकडे संशयाने बघू नका. मधुमेह, लठ्ठपणा, वर्षानुवर्षांचं फॅटी लिव्हर, हिपॅटायटिस बी आणि सी यांनीही सिरोसिस होतो. बी-सीच्या रक्ततपासण्या झाल्या नसतील तर आधी त्या करून घ्या. सिरोसिस पक्का ठरला तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चुकवू नका. कॅन्सरची गाठ लहान असतानाच सापडावी म्हणून ती असते.

लिव्हरच्या डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नेऊ नका, स्कॅनची सीडी न्या. जुनी सोनोग्राफी घरात असेल तर तीही शोधा. पाणथरी तेव्हा किती सेंटिमीटर होती, हे त्यात लिहिलेलं असतं.