शेवेच्या बरणीचं झाकण घट्ट लावा

प्रश्न: ताई, माझा मुलगा २ वर्ष ८ महिन्यांचा आहे. चालायला पण उशिराच लागला, १९व्या महिन्यात, आणि अजून बोलत नाही, पाणी हवं असलं की माझा हात धरून माठापाशी नेतो बस. आठवड्यात दोनदा स्पीच थेरपीला नेते. घरी रोज दोन तास फ्लॅश कार्ड घेऊन बसते पण तो पळून जातो, मी रागावते आणि मग रात्री मलाच रडू येतं. सासूबाई म्हणतात ह्याचे बाबा पण उशिराच बोलले. शेजारचे म्हणतात मराठी बंद करा, हिंदीच बोला. काय करू?
– एक आई, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: आधी सांगा, कानांची टेस्ट झाली का? ओएई, बेरा वगैरे? हाक मारली की वळून बघतो एवढ्यावर राहू नका, काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही असंही असतं. सासूबाई म्हणतात तसं काही घरांत होतं, पण २ वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं यायला पाहिजे आणि तुमच्याकडे चालणंही उशिरा झालंय, म्हणून मुलांच्या डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्याच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे मोफत होतं, अंगणवाडीत डीईआयसीबद्दल (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून उपचार करणारं जिल्ह्याचं केंद्र) विचारा.

फ्लॅश कार्ड ठेवून द्या कपाटात. त्याला शेव आवडते ना? (इंदूरचं पोर, आवडतच असणार!) पारदर्शक बरणीत थोडी शेव भरा, झाकण घट्ट लावा आणि त्याच्या हाताशी ठेवा. उघडणार नाही, तो तुमच्याकडे आणेल. तुम्ही खाली बसा, तोंड त्याच्या तोंडासमोर, आणि लगेच उघडू नका, मनात दहापर्यंत मोजा. तो बघेल, हात पुढे करेल, "उं" म्हणेल, काहीही केलं तरी चालेल, लगेच "शेव! शेव हवी!" म्हणून चार काड्या द्या, मूठभर नाही, म्हणजे तो परत मागेल. रडेपर्यंत अडवून मात्र धरायचं नाही. माठापाशी पण तसंच, आंघोळीला तांब्या वर धरून थांबायचं, आणि मग "पाणी!"

१९६९ मध्ये अमेरिकेत पोर्टेज नावाच्या गावी असंच काम सुरू झालं होतं, टीचर आठवड्यातून एकदा घरी यायची आणि आईबाबांनाच शिकवायची, कारण बाकी सगळे दिवस मूल त्यांच्याजवळच असतं. तुमच्या थेरपिस्टला पण म्हणा, मला करून दाखवा आणि मग मी करते ते बघा.

मराठी अजिबात बंद करू नका हो. दोन भाषांनी मूल मागे पडत नाही, आणि आजी त्याच्याशी बोलणार तरी कशात?

आंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा बाबांकडे द्या, तुम्ही तेवढा वेळ चहा घेऊन बसा. कानांच्या टेस्टचं काय झालं ते मला नक्की कळवा.