मोबदल्याचे पैसे आलेत, आता ट्रक घेऊ का जागा? एका पोराला पत्र

चिरंजीव,

तुझा मेसेज परवाच वाचला पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण दोन ओळीत सांगायची गोष्ट नाही ही. रस्त्यात जमीन गेली, मोबदला खात्यावर आला, आणि आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. तुला १२ टायर गाडी घेऊन जालन्याच्या सळईच्या मिलला लावायचीय आणि वडील म्हणतात रोडटच जागा घे, दोन गाळे काढ, भाडं येत राहील. दोघांचंही म्हणणं मला पटतं आणि दोघांनीही पुढचं अर्धं गणित केलेलं नाही असंही वाटतं, म्हणून सविस्तर लिहितोय, शांत बसून वाच आणि वडिलांनाही वाचून दाखव.

सगळ्यात आधी, ताईचा हिस्सा बाजूला काढलास का? जमीन आजोबांची होती ना, मग हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. हे कायद्यासाठी नाही सांगत मी फक्त, उद्या गाडी लाईनला लागल्यावर कोर्टाची नोटीस आली तर धंदा आणि घर दोन्हीकडे तुझं लक्ष राहणार नाही. तिचे पैसे तिच्या खात्यावर टाक आणि मग जे उरतं तेवढंच आपलं भांडवल समज. दुसरं म्हणजे शिल्लक राहिलेली दोन एकर काहीही झालं तरी विकू नको. आपल्या राज्यात शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३ आहे ते, आज सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून त्याची किंमत कळत नाही.

आता गाडीचं. चेसिस, बॉडी, विमा, पासिंग सगळं धरून ३५ टनाची (गाडी आणि माल मिळून) १२ टायर नवी गाडी चाळीस पंचेचाळीस लाखाला जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला म्हणून शोरूमवाला तुला सांगत असेल की हीच वेळ आहे. किंमत उतरली हे खरंय, पण तुझ्यासारख्या शंभर जणांनीही तेच ऐकलंय आणि गाड्या वाढल्या की भाडं पडतं हे तो सांगणार नाही. दहा लाख भरून ३५ लाखाचं कर्ज, १० टक्क्याने ६० हप्ते धरले तर महिन्याला ७४ हजाराच्या वर हप्ता बसतो. गाडी महिन्याला ६ हजार किलोमीटर चालली, पावणेचारचं ॲव्हरेज दिलं, तर १६०० लिटर डिझेल, म्हणजे ९० रुपये भावाने १ लाख ४४ हजार. टोल तीस हजार धर (समृद्धीने गेलास तर जास्त), ड्रायव्हरचा पगार आणि भत्ता तीस, टायरची झीज अठरा, कारण टायर दोन वर्षांनी एकदम लागतात म्हणून आज खर्च दिसत नाही पण तो दर किलोमीटरला होतच असतो. विमा टॅक्स परमिट फिटनेस मिळून दहा, ऑइल, ग्रीस, धुरासाठी लागणारा युरिया, स्प्रिंगचे पाटे, क्लच प्लेट मिळून चौदा. झाले ३ लाख २० हजार. तुझी लाईन, तुझी गाडी वेगळी असेल, आकडे इकडेतिकडे होतील, पण कागद पेन घेऊन हाच हिशोब तुझ्या आकड्यांनी कर.

३ लाख २० हजार भागिले ६ हजार, म्हणजे किलोमीटरला ५३ रुपये नुसता खर्च. पण हे कधी, तर प्रत्येक किलोमीटरला भाडं मिळालं तर. समजा तिसरा हिस्सा गाडी खाली (रिकामी) पळाली, तर तेच पैसे ४ हजार किलोमीटरवर काढायचे, म्हणजे ८० रुपये. खाली गाडी डिझेल थोडं कमी पिते हे कबूल, पण हप्ता तेवढाच, टोल तेवढाच, ड्रायव्हर तोच. म्हणून ट्रकच्या धंद्यात नफा जाताना होत नाही, रिटर्न भाड्यात, म्हणजे परत येताना मिळालेल्या मालात होतो, आणि तुझ्या सगळ्या मेसेजमध्ये रिटर्नचा एक शब्द नाही याची मला काळजी वाटली.

जालन्याला यातली एक चांगली बाजू आहे. मिलमधून सळई पुणे मुंबईकडे जाते आणि मिलला लागणारं स्क्रॅप बंदराकडून, मुंबई पुण्याकडून येतं, म्हणजे दोन्हीकडे वजनाचा माल आहे. पण सळई उतरवून तू मुंबईजवळच्या कळंबोलीला स्क्रॅपची वाट बघत किती दिवस उभा राहणार हे तुझ्या ओळखीवर ठरतं. तिथे ज्याच्या दोन ट्रान्सपोर्टवाल्यांशी वीस वर्षांची ओळख आहे त्याची गाडी संध्याकाळी भरते, नवीन माणसाची तिसऱ्या दिवशी आणि तीही पडेल भावाने. महिन्यात चार ट्रिपमध्ये असे दोन दोन दिवस गेले की आठ दिवस गेले, आणि हप्त्याला सुट्टी नसते.

पैसे कधी येतात तेही बघ. ब्रोकरकडून माल भरलास तर ॲडव्हान्स हातात मिळतो, बाकी बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) पोचची सही आणून दिल्यावर, त्यात वाराई (हमाली), शॉर्टेज, उशीर असं काहीतरी कापून. डायरेक्ट कंपनीला लावलीस तर भाव बरा पण बिल दोन दोन महिने थांबतं, डिझेलवाला मात्र दोन महिने थांबत नाही. म्हणून गाडीच्या किमतीशिवाय किमान तीन साडेतीन लाख हातात मोकळे लागतातच, ते नसले की माणूस व्याजाने घेतो आणि तिथून गाडी सावकारासाठी पळायला लागते.

ओव्हरलोडचं तर तुला कोणीतरी नक्की शिकवलं असेल, सळईत जागा उरते ना, टाका अजून पाच टन. अजिबात नको. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, शिवाय जादा माल उतरवून घेतात. आणि दंडापेक्षा मोठी भीती ब्रेकची आहे, घाटात काय होतं ते तू पाहिलंयस.

आता जे सांगतो ते या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्यासाठीच एवढं लिहायला बसलो. गाडी बुडाली तर गाडीपुरतंच नुकसान होतं असं तू धरून चाललायस. तसं नाहीये. तुझ्या गाडीखाली माणूस सापडला तर थर्ड पार्टी विमा भरपाई देतो, त्या रकमेला मर्यादा नसते, म्हणूनच २०२२ च्या दराने २० ते ४० टनाच्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी हप्ताच वर्षाला जवळपास ४४ हजार आहे. पण विम्याची तारीख उलटून गेलेली असली तर ट्रिब्युनलने (अपघात भरपाईच्या कोर्टाने) ठरवलेला सगळा आकडा मालकावर येतो. आणि ड्रायव्हरचं लायसन खोटं असेल किंवा हेवीचं (जड वाहनाचं) नसेल आणि तू ते तपासलंच नसशील तर कंपनी आधी पैसे भरून नंतर तुझ्याकडून वसूल करू शकते. मग वसुली कशातून होणार, तुझ्या नावावर जे आहे त्यातून, म्हणजे त्याच दोन एकरातून आणि त्याच गाळ्यातून. म्हणून ड्रायव्हर ठेवताना त्याचं लायसन ऑनलाइन नंबर टाकून स्वतः बघायचं, दया माया नाही, ओळखीचा असला तरी. विम्याची तारीख मोबाइलमध्ये महिनाभर आधी लावायची. आणि फायनान्सवाला म्हणाला की जमिनीचा कागद जोडा, व्याज कमी करून देतो, तर उठून यायचं. गाडीवर गाडीचाच बोजा चालेल, शेतावर नाही.

टॅक्सचं थोडक्यात सांगतो, दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला वह्या न ठेवता ठरलेलं उत्पन्न दाखवायची सोय आहे, १२ टनावरच्या गाडीला टनामागे महिना हजार रुपये. तुझ्या ३५ टनाला महिन्याला ३५ हजार उत्पन्न धरतील, कमावलं असो नसो. पहिल्या वर्षी व्याज आणि घसारा इतका असतो की वह्या ठेवणं परवडू शकतं, सीएला हे आधीच विचार.

वडिलांच्या बाजूने बोलायचं तर जागा झिजत नाही हे त्यांचं खरं आहे. पाच वर्षांनी गाडीची अर्धी किंमत आली तरी खूप, जागेचं तसं सहसा होत नाही. पण भाडं येत राहील हे जरा तपासून घ्यावं लागेल. तू संभाजीनगरच्या फ्लॅटचं लिहिलंस, तिथे घरभाडं किमतीच्या मानाने फार थोडं असतं, वर्षाला दोन तीन टक्के, त्यातून घरपट्टी, सोसायटी, रंगकाम, एखाद दोन महिने रिकामं. आणि कर्ज काढून तर नकोच, २० लाख ९ टक्क्याने २० वर्षांसाठी काढले तर हप्ता १८ हजार बसतो आणि भाडं सात आठ हजार. उरलेले दहा हजार दर महिन्याला कोण भरणार, गाडी भरणार असं तुझ्या डोक्यात असेल तर दोन्ही एकदम अडकतील.

गाळा किंवा शेड मात्र वेगळी गोष्ट, भाडं बरं मिळतं. पण गिऱ्हाईक आधी बघून बांधायचं. मिलजवळ, एमआयडीसीजवळ कोणाला गोडाऊन पाहिजे, कोणाला गाड्या लावायला मोकळी जागा पाहिजे, हे महिनाभर फिरून विचार. कुंपण घालून मुरूम टाकलेली पार्किंगची जागासुद्धा भाड्याने जाते आणि तिला खर्च किरकोळ. फक्त एनए (बिगरशेती), बांधकाम परवानगी नीट बघून. करार लिव्ह अँड लायसन्सचाच, रजिस्टर केलेलाच. तो रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे, आणि केला नाही तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी खरं धरलं जातं.

आणि बातमीवर जमीन नको रे. इथून रस्ता जाणार, तिथे प्रकल्प येणार. आपल्या जालन्याच्या ड्राय पोर्टचं, म्हणजे कंटेनरच्या कोरड्या बंदराचं, भूमिपूजन २०१५ ला झालं, नुसती बातमी ऐकून जमीन घेणाऱ्याला किती वर्षं थांबावं लागतं हे जालन्याच्या माणसाला मी काय सांगू. जमीन घ्यायचीच तर सातबारा, आठ अ, जुने फेरफार, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, इतर हक्कात कोणाचं नाव, वर्ग दोनची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) तर नाही, बहिणींच्या सह्या आहेत का, आणि पैसे देण्याआधी सरकारी मोजणी. मुद्रांक आणि नोंदणी मिळून सहा सात टक्के वर जातात ते धरून चाल.

माझं मत विचारलंस म्हणून सांगतो. नवीन गाडी आत्ता नको. सहा महिने कुठल्यातरी ट्रान्सपोर्ट ऑफिसात बस, पगार कमी मिळाला तरी चालेल, बिल्टी बनव, फोन घे, चार पाच ट्रिप ड्रायव्हरबरोबर केबिनमध्ये बसून कर, कळंबोलीला स्वतः रात्र काढ. कोण पैसे वेळेवर देतो आणि कोण फिरवतो हे तिथेच कळतं. त्या काळात वडिलांच्या मनासारखी एखादी स्वच्छ कागदाची जागा शोधा, तिला घाई नाही. सहा महिन्यांनी तुला गाडी घ्यावीशी वाटली, आणि रिटर्नची दोन ठिकाणं पक्की झाली, तर पाच सहा वर्षं जुनी १० टायर रोखीने घे, फायनान्सची एनओसी, बाकी चलन, टॅक्स, फिटनेस आणि चेसिस नंबर बघून, आपला मेकॅनिक बरोबर नेऊन. हप्ता नसलेली गाडी आठ दिवस उभी राहिली तरी रात्री झोप लागते. ती दीड दोन वर्षं नीट चालवलीस तर नव्या गाडीसाठी मी स्वतः तुझ्याबरोबर शोरूमला येईन.

आणि सहा महिने ऑफिसात बसल्यावर तुला वाटलं की हे आपलं काम नाही, तरी लाजू नको, सरळ सांग. तुझ्यात धमक आहे म्हणून एवढं लिहितोय.

रविवारी ये. मोबदल्याचा आदेश, सातबारा, आठ अ आणि त्या शोरूमचं कोटेशन घेऊन ये, आणि जमलं तर ताईलाही घेऊन ये, तिच्यासमोरच बोलू. वर सांगितलेला खर्चाचा कागद तुझ्या हाताने लिहून आण, मी बनवून देणार नाही.

तुझा,
काका